शाळेतून काढण्याआधी

निगडी प्राधिकरण

चि. सौ. अश्विनीस,


आर्यनची शाळा सोडवून त्याला घरीच शिकवायचं तुमचं जवळजवळ ठरलंय, हे ताईकडून कळलं. माझा विरोध नाही. फक्त क्रम चुकवू नकोस.

आधी अध्ययन अक्षमता आहे का, याची तपासणी. ‘आळशी’, ‘लक्ष नाही’ हे प्रगतिपुस्तकातले शेरे झाले, निदान नव्हे. अध्ययन अक्षमता २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात आली आहे, आणि आपल्या राज्यात तर अशा मुलांना बोर्डाच्या परीक्षेत १९९६ पासून सवलती आहेत. जादा वेळ मिळतो, लेखनिक मिळतो. पण त्याला सरकारी प्रमाणपत्र लागतं, आणि ते वयाच्या आठव्या वर्षानंतरच देतात. आर्यनच्या जुन्या वह्या रद्दीत घालू नकोस, तपासणीला उपयोगी पडतील.

तुझ्या सासऱ्यांना कायद्याची धास्ती आहे म्हणे. त्यांना सांग, स्वखुशीने घरी शिकवणाऱ्यांच्या आड शिक्षणहक्क कायदा येत नाही, असं केंद्र सरकारनेच २०१२ साली दिल्ली उच्च न्यायालयात सांगितलंय. शिवाय चौदा वर्षांपर्यंत कधीही परतायचं झालं, तर महापालिकेच्या शाळेला त्याला वयाप्रमाणे वर्गात घ्यावंच लागतं. दहावीला एनआयओएसचं मुक्त विद्यालय आहे. पाच विषय, वर्षातून दोनदा परीक्षा, एकेक विषय सोडवत गेलं तरी चालतं.

कागदांचं होईल गं. पण मोशीच्या त्या दोन खोल्यांत तू शाळाच मांडलीस, तर पोराला पळायला घरही उरणार नाही. वाचन मात्र सोडायचं नाही. ‘तारे जमीन पर’ पाहिल्यापासून ज्याला-त्याला वाटतं, आपल्या पोरात चित्रकार दडलाय. नसेल दडला! तरी पीएमपीएमएलच्या बसची पाटी वाचता आली पाहिजे. तो अडतो कुठे ते नीट बघ. ‘कि’ लिहिताना वेलांटी आधी दिसते, उच्चार मागून येतो. ‘सूर्य’ मधला र पुढच्या अक्षराच्या डोक्यावर जाऊन बसतो. डोळ्याला दिसतं एका क्रमाने, कानाला ऐकू येतं दुसऱ्याच. म्हणून अख्खी बाराखडी घोकून घेऊ नकोस. एका वेळी एकच खूण घे, ताटात रवा पसरून बोटाने गिरवायची आणि मोठ्याने म्हणायची. वीस मिनिटं झाली की उठायचं. आणि विशेष शिक्षिका लावच, हे नुसत्या मायेने भागणारं काम नाही.

बाप म्हणून संदीपरावांना यातून मोकळं सोडू नकोस. नाइट असेल त्या आठवड्यात ते दिवसा झोपणार आणि मूल घरात दबकून वावरणार. तेव्हा त्याला सकाळी बाहेर काढायची सोय आधी लाव. फर्स्ट शिफ्ट असली की संध्याकाळचं गणित त्यांचं. चाकणला टूलरूममध्ये वावरणारा माणूस आहे तो. टेप आणि व्हर्निअर हातात देऊन दशांश शिकवणं त्यांना तुझ्यापेक्षा चांगलं जमेल.

सोसायटीतली मुलं दिवसभर शाळेत, मग क्लासला. आर्यन खेळणार कोणाशी? भोसरीत तालमी आहेत, एखादी बघून ये. तिथे कोणी स्पेलिंग विचारत नाही.

आणि नोकरीचा राजीनामा एवढ्यात देऊ नकोस. मे महिन्याच्या सुट्टीत रजा टाक, तू आणि आर्यन दिवसभर एकत्र कसे राहता ते बघ, मग बोलू.

तुझी,
मालूमावशी