अर्नाळा किल्ला : बेटावरचे मच्छीमार गाव

वैतरणा नदी अरबी समुद्रास जेथे मिळते, त्या मुखाशी एक लहानसे बेट आहे. मुख्य भूमीवरील अर्नाळा गावाच्या वाळूवर उभे राहिले असता बेटावरील तटबंदी, माडांची रांग आणि किनाऱ्यास लागलेल्या होड्या स्पष्ट दिसतात. मध्ये खाडीचा अरुंद पट्टा तेवढा असतो. तथापि या पट्ट्यामुळेच बेटावरील वस्तीचे सारे जीवन वेगळे झाले आहे. शिधा, औषधे, बांधकामाचे सामान आणि बाळंतपणासाठी निघालेली स्त्री, या सर्वांना होडीची वाट पाहावी लागते, आणि होडीला भरतीची. वसई-विरारची महानगरपालिका २००९ साली झाली व पालघर हा स्वतंत्र जिल्हा २०१४ साली झाला. किल्ल्यावरील वस्तीचा कारभार मात्र ग्रामपंचायतीकडेच राहिला. मुंबईच्या उपनगरी गाड्यांचा गजबजाट थोड्याच मैलांवर असताना हे गाव दुर्गम म्हणावे लागते, ही गोष्ट चमत्कारिक खरी. पण दुर्गमता ही मैलांवर मोजण्याची गोष्ट नव्हे.

बेटाचा इतिहास किल्ल्याचाच इतिहास आहे. गुजरातच्या सुलतानांनी सोळाव्या शतकाच्या आरंभी येथे ठाणे उभारले. पुढे ते पोर्तुगीजांकडे गेले. १७३७ साली, म्हणजे वसईच्या विजयाच्या दोन वर्षे आधी, मराठ्यांनी बेट घेतले व बाजीराव पेशव्यांच्या कारकिर्दीत आजचा चौकोनी कोट बांधला. १८१७ नंतर इंग्रजांना त्याचे महत्त्व उरले नाही. कोटाच्या आत त्र्यंबकेश्वराचे देऊळ व त्यापुढे अष्टकोनी तळे आहे. चहूबाजूंनी खारे पाणी असताना आत गोडे पाणी मिळते, म्हणूनच येथे शिबंदी राहू शकली आणि ती गेल्यावर कोळ्यांची वस्ती टिकली. तटाच्या आतील जमिनीवर भाजीपाल्याचे मळेही होतात. पण गावाचा चरितार्थ चालतो तो समुद्रावर.

येथील मासेमारीचे मुख्य साधन म्हणजे डोल. हे जाळे ओढावयाचे नसते; ते एका जागी रोवून ठेवावयाचे असते. त्याचा आकार मोठ्या नरसाळ्यासारखा. रुंद तोंड प्रवाहाकडे करून ते समुद्रतळात ठोकलेल्या खुंटांना बांधतात. तोंडाकडे मोठे असलेले आस शेपटीकडे लहान लहान होत जातात आणि पाण्याबरोबर वाहत आलेली मासळी शेपटीत साठते. प्रवाह मंदावला, की पाणी उलटण्यापूर्वी शेपूट वर ओढून मोकळी करतात. मासा शोधीत हिंडण्याऐवजी भरती-ओहोटीकडूनच तो आणवून घेण्याची ही युक्ती आहे. अर्थात ती जेथे प्रवाह जोराचा आहे तेथेच चालते. खंभातच्या आखाताकडे जावे तसतसा भरती-ओहोटीच्या पातळ्यांतील फरक वाढत जातो. म्हणूनच उत्तर कोकण व सौराष्ट्र हे डोलीचे खास प्रदेश झाले. रत्नागिरीच्या दक्षिणेस ती क्वचितच दिसते.

त्यामुळे येथील कोळ्याचा पंचांग पाहण्याचा हेतू वेगळा असतो. अमावास्या आणि पौर्णिमा यांच्या सुमारास उधाण येते, पाण्याला ओढ असते व डोल भरते. अष्टमीच्या आसपास भांगाचे दिवस. त्या वेळी प्रवाह मंद, जाळी रिकामी. मग होड्या किनाऱ्यावर घेऊन दुरुस्ती, जाळी विणणे, देणी-घेणी ही कामे उरकावयाची. पूर्वी जाळी सुती व तागाच्या दोऱ्याची असत आणि ती कुजू नयेत म्हणून झाडांच्या सालींच्या काढ्यात बुडवीत. नायलॉन आल्यावर हा खटाटोप संपला. १९५० नंतर होड्यांना यंत्रे बसू लागली. सहकारी संस्थांनी कर्जे मिळवून दिली, बर्फाचे कारखाने निघाले, आणि शिडाचा व वाऱ्याचा हिशेब मागे पडून डिझेलचा हिशेब पुढे आला. तो अद्याप संपलेला नाही.

डोलीत सापडणाऱ्या मासळीत बोंबलाचा मान पहिला. त्याच्या खालोखाल जवळा, करंदी, मांदेली, वाकटी. बोंबलाच्या अंगात दर शंभर भागांत नव्वदीच्या घरात पाणी असते, म्हणून तो ताजा फार वेळ टिकत नाही आणि सुकला की अगदी हलका होतो. सुकविण्यासाठी वाळूवर बांबूंच्या वलांडी उभारतात. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून ती जोडी दोरीवर टांगावयाची, हे काम इतक्या वेगाने चालते, की पाहणाऱ्याला हात दिसत नाहीत. ते बहुधा स्त्रियाच करतात. मासळी किनाऱ्याला लागल्यापासून पुढचा सारा व्यवहार, निवडणे, सुकविणे, भाव ठरविणे, पाटी डोक्यावर घेऊन बाजार गाठणे, त्यांच्याच हातांत असतो. पुरुषाने आणलेल्या मासळीचे पैसे करते ती कोळीण. सरकारी योजनांत मच्छीमार म्हणजे होडीचा मालक, असे गृहीत धरले जाते. त्यात या अर्ध्या व्यवसायाची नोंदच होत नाही. अवकाळी पाऊस आला, की वलांडीवरचा माल एका रात्रीत कुजतो आणि त्याची भरपाई कोणत्या सदरात बसवावी हा प्रश्न पडतो.

बोंबील हा केवळ आपल्याच समुद्राचा मासा आहे, अशी समजूत आहे; ती खरी नव्हे. तो बंगालच्या उपसागराच्या माथ्याशी मिळतो आणि त्याहून दूर इंडोनेशियातही. सुमात्राच्या रियाऊ प्रांतात त्याला लोमेक म्हणतात, बोर्निओजवळच्या तारकान बेटावर नोमेई. तेथेही तो सुकवून विकतात. नद्यांची गढूळ मुखे, जोराची भरती-ओहोटी आणि एका जागी रोवलेली पिशवीसारखी जाळी, हे सर्व त्याच्या मागोमाग तेथेही आहेच. त्याच रियाऊतील बागानसियापियापी हे रोकान नदीच्या मुखावरील गाव विसाव्या शतकाच्या आरंभी जगातील मोठ्या मासेमारी बंदरांत गणले जाई. पुढे नदीच्या गाळाने मुख भरत गेले, किनारा दूर सरला आणि बंदराचे वैभव ओसरले. नदीच्या मुखावरचे गाव समुद्राइतकेच नदीवरही अवलंबून असते, हे तेथे दिसून आले.

अर्नाळ्यास संकट उलट दिशेने आले आहे. येथे वाळू साचत नाही, जाते. पावसाळ्यातील उधाणाच्या लाटा बेटाचा किनारा खात आहेत आणि काठावरची कित्येक घरे त्यांनी पाडली आहेत. वैतरणेच्या खाडीतून अनेक वर्षे झालेल्या वाळूच्या उपशाकडे ग्रामस्थ बोट दाखवितात. चढत्या समुद्रपातळीचीही त्यात भर आहे. धूप-प्रतिबंधक बंधारा हवा, ही गावाची जुनी मागणी. पण एका ठिकाणी दगड टाकले, की लाट शेजारच्या उघड्या भागावर वळते, हेही कोकणच्या किनाऱ्यावर अनेक ठिकाणी अनुभवास आले आहे. बेटावर मागे सरावयास जागा थोडी. मागे कोटाची भिंत.

समुद्रावरील जागाही आकुंचित झाली आहे. जाळे रोवण्याच्या ठरलेल्या जागेला कव म्हणतात. कव कोणाची, हे परंपरेने ठरलेले असते. तिचा सातबारा नसतो. यंत्रे आल्यावर वसई, अर्नाळा, उत्तन येथील डोलकर अधिक खोल पाण्यात व उत्तरेकडे कवी मारू लागले. तेथे सातपाटी व डहाणूकडील मच्छीमार पापलेटसाठी वाहती जाळी सोडीत. वाहते जाळे खुंटांत अडकले की फाटते. यातून उभा राहिलेला वाद कित्येक दशके चालू आहे. दोन्ही पक्ष कोळीच, दोन्ही लहान, आणि दोघांचेही म्हणणे आपापल्या जागी बरोबर. दोघांच्याही मुळावर येणारी मोठी यांत्रिक जाळी मात्र या भांडणाच्या वेळी दृष्टिआड राहतात. इंडोनेशियाने १९८० मध्ये जावा व सुमात्राच्या समुद्रात ट्रॉलरना बंदी केली, ती लहान मच्छीमारांच्या उग्र असंतोषामुळेच. महाराष्ट्राने १९८१ मध्ये सागरी मासेमारी नियमन कायदा केला, २०१६ मध्ये पर्ससीन जाळ्यांवर निर्बंध घातले. कायदे झाले, ते पाळले जातात की नाही हे पाहणाऱ्या गस्ती नौका थोड्या.

डोलकरांनाही एका प्रश्नाला उत्तर द्यावे लागते. डोलीच्या शेपटीचे आस अतिशय बारीक असल्याने जवळ्याबरोबर मोठ्या जातींची पिलेही येतात. २०२३ मध्ये राज्याने पापलेटला राज्य मासा घोषित केले आणि ५४ जातींच्या मासळीसाठी किमान आकारमान ठरवून दिले. नियम शहाणपणाचा आहे. परंतु उचललेल्या डोलीतील पिले तोवर मेलेलीच असतात, तेव्हा मापाची पट्टी बाजारात लावून भागत नाही. आस मोठे केले तर जवळा निसटतो, आणि गरिबाच्या घरात पावसाळ्यात शिजतो तो जवळाच.

पावसाळी बंदी १ जून ते ३१ जुलैपर्यंत असते. पूर्वी नारळी पौर्णिमेला सागराला नारळ अर्पण केल्याखेरीज होडी लोटली जात नसे. आता पौर्णिमा पुढे असली, तरी कायद्याने १ ऑगस्टला समुद्र खुला होतो आणि मोठ्या नौका निघतात. लहान होडीवाल्याने तेव्हा रूढीसाठी थांबावे की धंद्यासाठी जावे, याची चर्चा दर वर्षी होते. उत्तरेकडे डहाणूजवळ वाढवण बंदराच्या पायाभरणीचा समारंभ ऑगस्ट २०२४ मध्ये झाला. मच्छीमार संघटनांचा त्याला विरोध आहे, कारण त्या भागातील समुद्र हा मासळीच्या पैदाशीचा मानला जातो आणि जहाजांच्या मार्गात कव मारता येत नाही. एप्रिल २०२५ मध्ये राज्याने मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिला. त्यामुळे वीज, कर्ज व विमा यांत सवलती मिळण्याची वाट मोकळी झाली. विम्याचा लाभ वलांडीवरच्या मालापर्यंत पोहोचला, तर बेटावरील स्त्रियांना तो पहिल्यांदाच मिळेल.

तरुण मुले विरारला नोकऱ्या शोधतात, मुली शिकून शिक्षिका आणि परिचारिका होऊ पाहतात. होडीवर खलाशी मिळत नाहीत. जव्हार, तलासरी, डहाणूच्या पाड्यांवरील आदिवासी तरुण किनाऱ्यावरच्या होड्यांवर कामाला येतात, तसेच ते गुजरातच्या नौकांवरही जातात आणि त्यांपैकी काही सीमा ओलांडल्याच्या आरोपावरून पाकिस्तानच्या तुरुंगात अडकले आहेत. डोलीचे ज्ञान मात्र पुस्तकात नाही. कोणत्या तिथीस कोणत्या कवीला पाणी किती वेळ थांबते, तळ कोठे चिखलाचा व कोठे खडकाळ, खुंट किती खोल ठोकावा, हे वृद्ध तांडेलांच्या तोंडी आहे आणि ते शिकण्यासाठी होडीत बसणाऱ्या घरच्या मुलांची संख्या दर हंगामात घटते आहे.