अक्रोडाचे लाकूड : गुण, उपयोग आणि खरेदीतील सावधगिरी

आमचा धंदा कापडाचा. तरीही आज लाकडावर लिहीत आहोत, त्याला कारण आहे. काही वर्षांपूर्वी मुलीच्या लग्नासाठी आम्ही ‘अक्रोडाचे’ म्हणून एक कपाट घेतले. दुसऱ्याच पावसाळ्यात पायाजवळचे पॉलिश फुगून निघाले आणि आतून पांढरट लाकूड दिसले. मुलीच्या सासरी कोणी एक शब्द बोलले नाही, पण आमची मान खाली गेली. सुती आणि टेरिकॉट यांतला फरक रोज ग्राहकाला सांगणारे आम्ही, लाकडात मात्र नुसत्या रंगावर भुललो. त्यानंतर जाणत्या सुतारांकडून जे शिकलो ते वाचकांपुढे ठेवतो.

लाकडाचे गुण

आपल्या देशात अक्रोडाचे लाकूड म्हटले की काश्मीर. रंग करडा-तपकिरी ते चॉकलेटी, त्यात गडद रेषा. मुळाकडचे लाकूड सर्वांत गडद आणि महाग, फांदीचे फिकट. पोत बारीक व सारखा असल्याने पटाशी सफाईने चालते, नाजूक नक्षीतही कड तुटत नाही. फळ्या सावलीत, हवा खेळेल अशा रचून बराच काळ सुकवतात. नीट सुकलेले लाकूड फारसे वाकत किंवा तडकत नाही.

उपयोग

कोरीव डबे, तबके, पडदे, मेज आणि उंची फर्निचर. धक्का सोसते व आकार सोडत नाही म्हणून बंदुकीच्या दस्त्यासाठी जगभर याच लाकडाला मान मिळाला. काश्मीरमध्ये १९६९ च्या कायद्याने अक्रोडाच्या तोडीवर निर्बंध आले. झाड फळही देते, त्यामुळे माल थोडा आणि भाव चढा. म्हणून कोणी स्वस्तात ‘अक्रोड’ देऊ लागला तर आधी शंका घ्यावी.

मर्यादा

वाळवीपुढे अक्रोड सागवानासारखे टिकत नाही. सालीलगतच्या फिकट भागाला किडा लवकर लागतो. म्हणून जालन्यासारख्या ठिकाणी दार-चौकटीला सागवान आणि बैलगाडी, औतासाठी बाभूळच योग्य. अक्रोड घरात, कोरड्या जागी शोभते.

खरेदी करताना

१. ‘वॉलनट कलर’ किंवा ‘वॉलनट फिनिश’ म्हणजे फक्त रंग. आत कोणतेही लाकूड असू शकते.

२. खण बाहेर काढून त्याची मागची व खालची बाजू पाहावी. भरीव लाकडात वरच्या रेषा कडेवर उतरून पुढे जातात. पातळ पापुद्रा चिकटवलेला असेल तर त्या कडेशीच तुटतात.

३. दुकानदाराच्या परवानगीने झाकलेल्या जागी थोडे खरवडावे. खाली पांढरे निघाले तर वरचा रंग दिलेला आहे.

४. वजनावर भरवसा ठेवू नये. सुक्या अक्रोडाचे एक घनफूट साधारण १८ किलो भरते, सागवानाचेही जवळपास तेवढेच.

५. बिलावर लाकडाचे नाव आणि ‘भरीव’ की ‘पापुद्रा’ हे लिहून घ्यावे. आम्ही हेच केले नव्हते.

पापुद्र्याचा किंवा रंग दिलेला माल विकणे गैर नाही, तो खरे नाव सांगून विकावा. आमच्या गल्ल्यावरही हाच नियम. कृत्रिम रेशमाला आम्ही रेशीम म्हणत नाही. एखादे गिऱ्हाईक परत जाते, पण जे राहते ते पुढच्या लग्नाचा बस्ता बांधायलाही आमच्याकडेच येते.