मित्र म्हणतो, देव नाही



गेल्या महिन्यात दृढीकरण संस्काराच्या तयारीवर्गात एका मुलीने आम्हाला विचारले, "सर, कॉलेजातला माझा मित्र म्हणतो, देव असेल तर सिद्ध करून दाखव. मी त्याला काय सांगू?" निम्मी मुले हसली, उरलेली कान देऊन बसली. प्रश्न तिचा एकटीचा नव्हता, हे उघड होते.

उत्तर देण्याआधी आमचीच एक कबुली. वीसेक वर्षांपूर्वी सकाळच्या चर्चगेट लोकलमध्ये आमचा एक मित्र होता. पक्का नास्तिक, पण स्वभावाने सोन्यासारखा. वसई रोड सुटली की आमचा वाद सुरू व्हायचा, तो अंधेरीपर्यंत. एके दिवशी आम्ही सगळ्या डब्यासमोर म्हणालो, "देव न मानणाऱ्याने आम्हाला नीती शिकवू नये." डबा हसला. तो खिडकीबाहेर बघत राहिला. दुसऱ्या दिवसापासून तो पुढच्या डब्यात चढू लागला. वाद आम्ही जिंकला होता!

असा वाद कसा करावा, याचा एक चांगला धडा इंग्लंडात घडलेला आहे. २८ जानेवारी १९४८ रोजी बीबीसी रेडिओवर दोन विद्वान देवाच्या अस्तित्वावर बोलले. एक येशूसंघीय धर्मगुरू फादर फ्रेडरिक कोपलस्टन, वय ४०. दुसरे जगप्रसिद्ध तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेल, वय ७५. फादर कोपलस्टन जन्माने अँग्लिकन होते. अठराव्या वर्षी ते कॅथलिक झाले, तेव्हा घरच्यांना ते मुळीच रुचले नाही. म्हणजे आपल्या माणसांशी श्रद्धेबाबत मतभेद होणे काय असते, हे त्यांना घरातूनच ठाऊक होते.

त्यांनी पहिली गोष्ट कोणती केली? 'देव' म्हणजे काय, हे आधी ठरवून घेतले : जगाहून वेगळा, जगाचा निर्माता, परम व्यक्तिरूप असा. रसेल यांनी ही व्याख्या मान्य केली आणि आपण अज्ञेयवादी आहोत, असे सांगितले. देव नाही हे सिद्ध करता येते, असा त्यांचा दावा नव्हता. आपण ही पायरी नेहमी गाळतो. मित्र ज्या देवाला नाकारतो तो पुष्कळदा नवस फेडला नाही म्हणून चिडणारा, परीक्षेत पास करून देणारा देव असतो. त्या देवाला तर आपणही मानत नाही. (मानत नाही ना? दहावीच्या निकालाच्या आठवड्यात ग्रोटोसमोरची गर्दी पाहिली की शंका येते.)

मग फादरांनी आपला मुद्दा मांडला. तो आपल्याकडच्या भाषेत सांगतो. लग्नघरात मोठे पातेले हवे असते. आपण शेजाऱ्याकडून आणतो. तो म्हणतो, माझे नाही, मेहुण्याकडून आणलेय. मेहुणा म्हणतो, मीही उसनेच आणलेय. ही साखळी शंभर घरांची असो की लाख घरांची, पातेले कुणाचे तरी स्वतःचे असल्याशिवाय ते आपल्या चुलीवर येणारच नाही. जगातली प्रत्येक वस्तू असेच उसने अस्तित्व घेऊन आलेली आहे. झाड बीपासून, बी झाडापासून. मग ज्याचे अस्तित्व उसने नाही असा कुणीतरी असलाच पाहिजे.

रसेल यांचे उत्तरही मुलांना सांगायला हवे, कारण ते हुशारीचे आहे. प्रत्येक माणसाला आई असते, म्हणून सगळ्या मानवजातीला मिळून एक आई असते असे थोडेच आहे? विश्व आहे, एवढेच. त्याचे कारण विचारू नये, असे त्यांचे म्हणणे. फादर म्हणाले, मी साखळीच्या टोकाला आणखी एक आई जोडत नाही. साखळीच मुळात का आहे, हे विचारतो आहे. रसेल यांना हा प्रश्नच अर्थपूर्ण वाटेना. तेव्हा फादर एवढेच म्हणाले की, जो बुद्धिबळाच्या पटावर बसतच नाही त्याला मात देता येत नाही. तिथून ते पुढच्या मुद्द्याकडे वळले. आमच्यासारखा टोमणा त्यांनी मारला नाही.

कॅथलिक धर्मशिकवणीचा ग्रंथही (परिच्छेद ३१) हेच सांगतो की, देवाच्या अस्तित्वाची प्रमाणे ही प्रयोगशाळेतल्या सिद्धतेसारखी नसतात, तर एकाच दिशेने नेणारी, पटणारी कारणे असतात. म्हणून "सिद्ध कर" म्हणणाऱ्या मित्राला प्रथम विचारावे, "कशा प्रकारची सिद्धता तुला पुरेल?"

१९४९ साली फादर कोपलस्टन यांचा दुसरा वाद झाला, ए. जे. एअर यांच्याशी. एअर यांच्या मते 'देव आहे' हे वाक्य खोटेही नाही, ते निरर्थक आहे. आणि म्हणून 'देव नाही' हेही तितकेच निरर्थक! पण या वादातून वैर न होता मैत्री झाली, ती शेवटपर्यंत टिकली. १९८८ मध्ये एअर आजारी असताना माशाचा तुकडा घशात अडकला आणि त्यांचे हृदय चार मिनिटे थांबले. शुद्धीवर आल्यावर त्यांनी आपल्याला दिसलेल्या लाल, डोळे दुखवणाऱ्या प्रकाशाविषयी वर्तमानपत्रात लिहिले. मात्र देवावरचा आपला अविश्वास ढळलेला नाही, असेही त्याच लेखात स्पष्ट केले. पुढच्या वर्षी ते वारले. फादर १९९४ पर्यंत जगले. चाळीस वर्षांच्या ओळखीत मित्र श्रद्धेकडे वळला नाही, म्हणून त्यांनी मित्र सोडला नाही.

संत पेत्र आपल्या पहिल्या पत्रात (३:१५-१६) आशेचे कारण सांगायला सदैव तयार राहा म्हणतात आणि लगेच सौम्यतेची अट घालतात. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने तर १९६५ साली कबूल केले की, नास्तिकपणा वाढण्यात श्रद्धावंतांच्या वागण्याचाही वाटा असतो. ते वाचताना आम्हाला तो लोकलचा डबा आठवला.

आठ महिन्यांनी आम्हीच पुढच्या डब्यात चढलो आणि क्षमा मागितली. बऱ्याच दिवसांनी त्याने सांगितले, त्याच्या बहिणीचे मूल चार वर्षांचे होऊन गेले होते आणि लोक म्हणाले, देवाची इच्छा. त्याच्या सगळ्या वादाखाली ते मूल होते. आमच्याकडे उत्तर नव्हते. संत थॉमस अक्विनस यांनीही देवाचे अस्तित्व सिद्ध करण्याआधी पहिला आक्षेप मांडला तो हाच : जगात दुःख का? त्यांनी उत्तर दिले आहे, देव वाइटातूनही चांगले घडवतो असे. पण त्या संध्याकाळी ते सांगायला आमची जीभ रेटली नाही. गाडी नायगावच्या खाडीवरून जात होती. आम्ही गप्प बसून राहिलो, तोही.

यंदा नाताळला तो सहकुटुंब आमच्याकडे जेवायला येणार आहे. देवाचा विषय काढायचा नाही, अशी त्याने अट घातली आहे. त्याची बायको म्हणते, इंदेल वाढायच्या आत तोच काढेल.