नव्या आवृत्तीतील युद्धनियम

१९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ प्रसिद्ध झाला. यात एकजण कथा सांगतो, इतर त्या कथेतील पात्रे होऊन बोलतात. आणि उगारलेली तलवार लागली की हुकली, याचा निवाडा वीस बाजूंचा फासा करतो. शनिवारी शाळा सुटल्यावर आम्ही हा खेळ काही विद्यार्थ्यांसमवेत खेळतो.

१९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत चिलखताचा अंक जितका लहान, तितके ते भक्कम मानीत. योद्ध्याचा 'थॅको' १७ आणि शत्रूचे चिलखत ४ असेल, तर सतरातून चार वजा करावयाचे. फाशावर १३ किंवा अधिक पडले की घाव लागला. २००० च्या तिसऱ्या आवृत्तीने हे गणित उलटे फिरविले. तोच योद्धा फाशात ३ मिळवू लागला, तेच चिलखत १६ चे झाले. लागणारा आकडा मात्र पुन्हा तेराच! वजाबाकीचा जाच तेवढा गेला.

खरा पालट २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत झाला. परिस्थिती अनुकूल असता दोन फासे टाकून मोठा अंक धरावयाचा, प्रतिकूल असता लहान. विद्यार्थ्यांनी हे वहीत करून पाहावे. ११ हवे असता एका फाशाने यश शेकडा ५०. दोन फाशांच्या जोड्या ४००. त्यांपैकी १०० जोड्यांतच दोन्ही फासे दहा किंवा त्याखाली राहतात. म्हणजे अनुकूल स्थितीत यश शेकडा ७५, प्रतिकूल स्थितीत २५.

२०२४ साली या आवृत्तीचे सुधारलेले पुस्तक निघाले. नियम बहुतांशी ओळखीचे, म्हणून आम्ही ते वरवर चाळले. घरी कोंकणी बोलणाऱ्या आम्हांस मराठी लिहिताना जी भीती वाटते, ती येथेही बाळगावयास हवी होती. अगदी परक्यापेक्षा जवळच्या भाषेत पाय अधिक घसरतो.

झाले तसेच. कथेत दरोडेखोरांनी नदीच्या उताराशी अवचित छापा घातला. जुन्या नियमाने बेसावध पात्राची पहिली पाळी वाया जाई. नववीतील एका मुलीस आम्ही गप्प बसविले, आणि तिचे पात्र काहीही न करता धारातीर्थी पडले. ती रडली नाही. पुस्तक उघडून बसली. थोड्या वेळाने तिने पान आमच्यापुढे सरकविले. नव्या नियमात बेसावधाची पाळी जात नाही. पाळीचा क्रम ठरविताना त्याने दोन फासे टाकून लहान अंक धरावयाचा, इतकेच. तिने जुनी आवृत्ती पाहिलीच नव्हती, म्हणून जे छापले होते तेच तिने वाचले.

वर्गासमक्ष चूक कबूल करणे आम्हांस जड गेले. पण तो घाव आम्ही मागे घेतला. तिने दोन फासे टाकले : १४ आणि ९. नऊ धरले. दरोडेखोरांचे सहा आले. पहिली पाळी तिची होती.