लाटेखाली किती पाणी?

कोकणातल्या बहुतेक नद्या दिवाळीनंतर आटत जातात. कुंडलिका मात्र उन्हाळ्यातही सकाळी भरून येते, आणि त्याचं कारण घाटमाथ्यावर आहे. मुळशी धरणाचं पाणी सह्याद्रीच्या पोटातून उतरून भिऱ्याच्या वीजकेंद्रात येतं. १९२७ सालापासून हे चालू आहे. मुळा नदीचं जे पाणी भीमा-कृष्णेतून बंगालच्या उपसागराला मिळायचं, ते इथे वीज देऊन कुंडलिकेत पडतं आणि रेवदंड्याच्या खाडीतून अरबी समुद्राला जातं. या धरणाखाली मावळातल्या शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या, सेनापती बापटांनी त्याविरुद्ध सत्याग्रह केला. या पाण्यावर खेळायला येणाऱ्यानं एवढं तरी ठाऊक ठेवावं असं मला मनापासून वाटतं.

कोलाडच्या परिसरात या पाण्यावर राफ्टिंग चालतं. राफ्टवाले एकामागून एक रॅपिड ओलांडत पुढे निघून जातात. आम्हा कयाकवाल्यांपैकी काहीजण एकाच लाटेपाशी थांबतो. पाण्याखालच्या खडकावरून धार घसरते आणि पुढे जागच्या जागी उभी राहते, त्या लाटेच्या उतारावर आखूड कयाक तोलून धरायची, फिरवायची, जमलं तर टोकावर उभी करायची. याला प्लेबोटिंग म्हणतात. याच्या जागतिक स्पर्धाही होतात. २०२२ साली त्या इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमला झाल्या. तिथे खेळाडूला एका फेरीत ४५ सेकंद मिळतात. आपल्याला तशी घाई नसते, सकाळभर पाणी असतं.

‘नवशिक्यांसाठी चांगली जागा’ असं कुंडलिकेबद्दल सांगतात आणि ते खरं आहे. रॅपिड दोन ते तीन श्रेणीचे, मधे मधे संथ पाणी, मदतीला पाणी ओळखणारे स्थानिक गाइड. पण ही ख्याती नदी उतरून जाणाऱ्यांच्या अनुभवातून आली आहे. नदी उतरणारा चुकून उलटतो. प्लेबोटिंग करणारा त्याच त्या जागी पुन्हा पुन्हा उलटतो, कारण शिकायचा दुसरा मार्गच नाही. म्हणून लाट केवढी आहे हा प्रश्न नंतरचा. लाटेखाली किती पाणी आहे आणि लाट सुटल्यावर धार तुम्हाला कुठे नेते, हे आधी पाहायचं.

माझ्या बहिणीच्या मुलानं पुण्यात तलावात रोल शिकून घेतला होता. उलटलेली कयाक वल्ह्याच्या आणि कमरेच्या जोरावर पुन्हा सरळ करायची, तो रोल. हिवाळा संपत आला होता, सकाळ बरीच वर आली होती आणि पाणी उतरायला लागलं होतं. तो लाटेवर छान टिकला, मग उलटला. दोनदा रोलचा प्रयत्न फसल्यावर त्यानं शांतपणे कयाकचं तोंड झाकणाऱ्या स्कर्टची पट्टी ओढली आणि बाहेर आला. धारेबरोबर वाहत तो काठाजवळच्या उथळ गोट्यांत पोहोचला आणि तिथे उभा राहिला.

त्याचा डावा पाय दोन दगडांच्या फटीत गेला. मागून धार आली आणि तो पुढे तोंडावर पडला. पाणी गुडघ्याएवढंच होतं, तरी त्याला डोकं वर ठेवता येईना. मी काठावर थ्रो बॅग, म्हणजे फेकायच्या दोराची पिशवी, घेऊन होते. मी दोर फेकला, त्यानं धरलाही, पण दोरानं पाय सुटत नाही. राफ्टवरचा एक गाइड धावत आला, खालच्या बाजूनं पाण्यात शिरला आणि त्याची छाती उचलून धरली. श्वास मिळाल्यावर मग आम्ही पाय जसा आत गेला होता तसाच, धारेच्या उलट दिशेनं मागे घेऊन, सोडवला. घोटा काळानिळा झाला होता. काठावर बसल्यावर तो मला एकच गोष्ट सांगत राहिला, “मावशी, पाणी गुडघ्याएवढंच होतं गं.”

तेच तर धोक्याचं आहे. खोल पाण्यात माणूस वाहतो; गुडघाभर पाण्यात त्याला उभं राहावंसं वाटतं. धारेचा वेग दुप्पट झाला की तिचा जोर चौपट होतो, आणि पाय अडकला की तो सगळा जोर पाठीवर येतो. म्हणून कयाकमधून बाहेर पडलात की उताणे व्हा, पाय धारेच्या दिशेनं पुढे, पावलं पाण्याच्या वर. संथ पाणी दिसलं की पालथं होऊन त्याकडे जोरात पोहा. हात तळाला लागेपर्यंत पोहत राहा आणि वाहत्या पाण्यातून बाहेर आल्याशिवाय उभे राहू नका. लाटेवर जाण्याआधी हे एकदा मुद्दाम करून पाहावं, शिकवणाऱ्याकडे तसा हट्ट धरावा.

पाण्याची पातळी हा कुंडलिकेवरचा वेगळाच विषय आहे. इथलं पाणी पावसानुसार नाही, विजेच्या गरजेनुसार सुटतं. काल ज्या लाटेखाली उलटं होऊनही डोकं कुठे लागलं नाही, तिथेच आज तासाभरात कातळ वर येतो. काठावरच्या एखाद्या दगडावर खूण ठरवून ठेवा आणि ओली कड खाली सरकायला लागली की लाट कितीही सुरेख दिसो, निघा. आज पाणी किती वेळ आहे हे गाइडला विचारूनच कपडे बदलायला जा.

उलटल्यावर बहुतेक नवशिके मागे झुकतात, कारण तसं केलं की हवा लवकर मिळेल असं वाटतं. त्यानं चेहरा दगडांसमोर येतो. पुढे वाका, कपाळ कयाकला टेकवा. मग ठोकर बसलीच तर हेल्मेट आणि लाइफ जॅकेट ती झेलतात. हेल्मेट कपाळ झाकणारं हवं, मागे सरकणारं असेल तर ते बदलून घ्या.

खांद्याचं सांगायलाच हवं. तोल जाताना माणूस हात उंच आणि लांब टाकून वल्ह्याचा आधार घ्यायला जातो, आणि तेवढ्यात धार वल्हं ओढते. खांदा निखळतो तो असा. कोपरं वाकलेली आणि बरगड्यांजवळ, हात खांद्याच्या खाली. एवढं पाळता येत नसेल इतके थकला असाल तर उलटलेलं चालेल, खांदा वाचवा. आता कयाकविषयी. या खेळाची कयाक, म्हणजे प्लेबोट, आखूड, तिची टोकं चपटी. धारेकडची कड जराशी पाण्याखाली गेली की ती क्षणात पालथी होते. ती कड नेहमी उचललेली ठेवायची. आपल्या वजनाला न बसणारी, कुणाची तरी मागून आणलेली प्लेबोट पहिल्या दिवशी घेऊच नका.

होलचा आकारही वाचायला शिका. खडकावरून पडलेलं पाणी खाली जाऊन वरच्या थरानं मागे फिरतं, तो होल. त्याची दोन्ही टोकं खालच्या दिशेला वळलेली असतील तर पाणी तुम्हाला कडेनं बाहेर काढतं. टोकं वरच्या दिशेला वळलेली असतील तर ते पुन्हा मधे आणतं. आणि जिथे हे मागे फिरणारं पाणी या काठापासून त्या काठापर्यंत सरळ रेषेत आहे, तिथे बाहेर पडायला कडच नसते. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यावरून पाणी वाहत असताना खाली नेमकं असंच होतं. ते दिसायला अगदी गुळगुळीत, लहानसं, सरावाला बोलावणारं असतं. गावाजवळ असं काही सापडलं म्हणून मुलं कयाक घेऊन निघाली तर त्यांना आडवं जाऊन थांबवा.

दोर धरणारा माणूस लाटेसमोर उभा करू नका. तो लाटेच्या खाली, जिथे पोहणारा दम घेऊन मान वर काढतो तिथे हवा, आणि त्याच्याही खाली संथ पाणी हवं, म्हणजे दोराला लागलेला माणूस झोका घेऊन तिथे येतो. पोहणाऱ्यानं दोर छातीशी धरायचा, मनगटाला कधीही गुंडाळायचा नाही. उथळ गोट्यांपाशी आणखी एकजण ठेवा, हेल्मेट-जॅकेट घातलेला. माझ्या भाच्यापर्यंत पोहोचला तो असाच माणूस होता, पण त्याला तिथे आम्ही उभं केलं नव्हतं, तो योगायोगानं जवळ होता.