कायरोप्रॅक्टिक : रुग्णास 'जा' म्हणण्यापूर्वी करावयाचा विचार



मान वा कंबर धरली असता 'कट्' असा आवाज काढून एका झटक्यात ती मोकळी करणाऱ्या उपचाराची चौकशी करणारे रुग्ण आता पांढरकवड्यासारख्या तालुक्याच्या गावीही येऊ लागले आहेत. भ्रमणध्वनीवरील चित्रफितींनी या उपचाराची प्रसिद्धी खेडोपाडी नेली. गाव राष्ट्रीय महामार्ग ४४ वर असल्याने उत्तरेस नागपूर आणि दक्षिणेस हैदराबाद, दोन्ही दिशा रुग्णास मोकळ्या आहेत. निघण्यापूर्वी तो एकदा आपल्या वैद्यास विचारतो किंवा औषधी दुकानात तेलाची बाटली घेताना विषय काढतो. त्याला काय सांगावे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. आमच्या मते या प्रश्नाचे उत्तर जितके कायरोप्रॅक्टिकवर अवलंबून आहे, तितकेच ते केळापूर तालुक्यातील माणसाच्या पाठीच्या कण्यावर अवलंबून आहे.

या पद्धतीचा उगम अमेरिकेतील आयोवा राज्यातील डॅव्हेनपोर्ट या गावी झाला. डॅनियल डेव्हिड पामर हे तेथे चुंबकीय उपचार करीत. १८९५ साली त्यांनी हार्वे लिलार्ड या सफाई कामगाराच्या पाठीतील मणक्यावर हाताने दाब दिला आणि त्याचे गेलेले ऐकू येणे परत आले, अशी या शास्त्राची जन्मकथा सांगितली जाते. १८९७ मध्ये पामर यांनी विद्यालय काढले. ग्रीक भाषेत या नावाचा अर्थ 'हाताने केलेले' असा होतो. आपण त्यास हस्तकर्म म्हणू शकतो. मणका किंचित सरकला की नाडीतंत्रात अवरोध होतो आणि त्यातून बहुतेक व्याधी उद्भवतात, हा पामर यांचा मूळ सिद्धांत होता. तो आज शास्त्राच्या कसोटीवर टिकलेला नाही, आणि या व्यवसायातील पुष्कळ जाणत्या मंडळींनीही तो बाजूस ठेवला आहे. मात्र कान, दमा, मधुमेह, वंध्यत्व अशा सर्वच रोगांवर मणका बसवून देण्याची जाहिरात कोठे दिसली, तर ती याच जुन्या सिद्धांताची सावली आहे असे समजावे. अशा ठिकाणी रुग्ण पाठवू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

हाताने संधी मोकळा करण्याची कल्पना आपल्याकडे नवी नाही. उसण भरली की पायाळू माणसाकडून पाठीवर लाथ मारून घेण्याची रीत महाराष्ट्रात सर्वत्र परिचित आहे. हाडवैद्यांची परंपराही जुनी आहे. शास्त्रात पाहू गेल्यास सुश्रुतांनी निदानस्थानाच्या १५ व्या अध्यायात संधिमुक्ताचे सहा प्रकार आणि चिकित्सास्थानाच्या तिसऱ्या अध्यायात आंछन, पीडन, संक्षेप व बंधन हे उपक्रम सांगितले आहेत. परंतु ते खरोखर निखळलेल्या वा भग्न संधीसाठी आहेत. कायरोप्रॅक्टिकमधील 'सरकलेला मणका' क्ष-किरण चित्रात दिसणारी संधिच्युती नव्हे. म्हणून 'आपल्या सुश्रुतांनी हेच सांगितले होते' असे सभेत म्हणण्याचा मोह आपण आवरावा.

प्रत्यक्षात काय घडते? रुग्णास विशिष्ट स्थितीत निजवून संधी त्याच्या सहज हालचालीच्या टोकापर्यंत नेला जातो आणि तेथे अत्यंत वेगाने, पण अल्प अंतराचा झटका दिला जातो. आवाज येतो तो हाड जागेवर बसल्याचा नव्हे. कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठातील संशोधकांनी २०१५ साली बोटाच्या सांध्याचे एमआरआय चित्रण चालू असताना हा आवाज काढून पाहिला, तेव्हा सांध्यातील द्रवात वायूची पोकळी निर्माण होताना दिसली. आवाज मोठा म्हणजे गुण मोठा, असे काही नाही. क्षणभर संधी मोकळा वाटतो, स्नायूंचा ताण सैल होतो, वेदनेची जाणीव घटते. हा लाभ खरा आहे. मात्र तो किती टिकेल हे व्याधीवर अवलंबून असते.

पुरावा केवळ पाठ व कंबरदुखीपुरता बोलतो, आणि तोही मध्यम आवाजात. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१७ मध्ये नव्या कंबरदुखीसाठी शेक, मर्दन इत्यादींच्या बरोबरीने मणक्यांच्या हस्तोपचाराचा पर्याय दिला. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जीर्ण कंबरदुखीच्या मार्गदर्शिकेत त्याची सशर्त शिफारस केली. त्याच मार्गदर्शिकेत कमरपट्टा आणि ट्रॅक्शन यांची शिफारस मात्र केलेली नाही. औषधी विक्रेत्यांनी हे वाचून थोडे खिन्न व्हावे लागेल, पण कमरपट्टा विकताना ध्यानात असू द्यावे.

रुग्णास आधी सांगून ठेवावयाच्या गोष्टी अशा. चांगला उपचारक पहिल्या भेटीत झटका देण्याची घाई करीत नाही. इतिहास विचारतो, पायातील बल, स्पर्शज्ञान व प्रतिक्षिप्त क्रिया तपासतो, जोखीम सांगून संमती घेतो. उपचारानंतर एक-दोन दिवस अंग दुखणे, जखडल्यासारखे वाटणे वा थकवा येणे हे सामान्य आहे. चार-सहा भेटींत काहीच फरक नसेल तर पुढील भेटींचे पैसे वाचवावेत. वर्षभराचे 'पॅकेज' पहिल्याच दिवशी भरून घेणाऱ्यापासून दूर राहावे. झटक्याऐवजी हलक्या हाताने वा लहान यंत्राने केलेले प्रकारही असतात. वृद्धाने ते मागावेत. गळ्यात पट्टा अडकवून डोके ओढण्याचा जो प्रकार चित्रफितींत दिसतो, त्यास आम्ही कोणाही रुग्णास संमती देत नाही.

प्रशिक्षणाविषयीही विचारावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००५ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार या विषयाचे पूर्ण शिक्षण म्हणजे चार वर्षांत किमान ४२०० तास, त्यांपैकी १००० तास देखरेखीखालील रुग्णसेवा. भारतात कायरोप्रॅक्टिकची नोंदणी करणारी स्वतंत्र वैधानिक परिषद नाही. त्यामुळे भिंतीवरील प्रमाणपत्र चार वर्षांचे की शनिवार-रविवारच्या शिबिराचे, हे रुग्णास कळत नाही. आपल्यापैकी काहीजण अशी शिबिरे करून येतात आणि सोमवारपासून मान वळवू लागतात. बीएएमएस पदवीने हे कौशल्य आपोआप येत नाही, एवढे येथे नमूद करतो.

आता आपल्या परिसराकडे वळू. परदेशी पुस्तकांतील निषिद्ध अवस्थांच्या यादीत जे दुर्मीळ म्हणून शेवटी येते, ते आपल्या दारी रोज येते.

पहिले, फ्लोराइड. पांढरकवडा परिसरातील भूजलात फ्लोराइडचे प्रमाण अधिक असल्याचे भूवैज्ञानिकांनी नोंदविले असून त्यावरील शोधनिबंध २००७ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये प्रसिद्ध झाला. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात ते लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत असावे आणि अन्य स्रोत नसल्यास १.५ पर्यंत चालते. वर्षानुवर्षे अधिक फ्लोराइडयुक्त पाणी पिणाऱ्याची हाडे क्ष-किरणात दाट दिसतात, पण ती ठिसूळ असतात. मणक्यांभोवतीच्या स्नायुबंधांत खटिक साचून कणा काठीसारखा ताठ होतो आणि मणक्यांतील पोकळी अरुंद झाल्याने सुषुम्ना आधीच दाबली गेलेली असू शकते. अशा मानेस झटका देणे म्हणजे वाळलेली फांदी वाकविणे होय. या व्याधीची प्रथम लक्षणे मात्र साधी असतात: मान दुखते, कंबर वाकत नाही, सकाळी अंग आखडते. आपण कटिग्रह वा मन्यास्तंभ लिहून मोकळे होतो. रुग्णही हेच वर्णन करून 'कट्' करणाऱ्याकडे जातो.

आमच्याकडे आलेला एक पन्नाशीचा शेतकरी येथे उल्लेखनीय वाटतो. मान ताठ झाली म्हणून त्याने दुसऱ्या गावी तीन वेळा मान वळवून घेतली होती. तिसऱ्या वेळेनंतर चालताना पाय अडखळू लागले आणि सदऱ्याच्या गुंड्या लावता येईनात. तो वातव्याधीच्या औषधासाठी आला होता. दातांवर तपकिरी आडव्या रेषा होत्या, हनुवटी छातीस टेकत नव्हती, गुडघ्यावरील प्रतिक्षिप्त क्रिया अतितीव्र होती. अभ्यंगाचे नावही न काढता त्यास त्याच दिवशी नागपूरला पाठविले. शस्त्रकर्मानंतर पाय बरेच सुधारले. बोटांची सफाई पूर्ण परतली नाही. दाब आधीपासून असणार, त्यामुळे सर्व दोष झटक्याचा असे आम्ही म्हणत नाही. परंतु तपासणीस लागणारी तीन मिनिटे कोणी दिली असती, तर मानेस हात लागला नसता.

ती तीन मिनिटे अशी. गुडघे न वाकविता जमिनीवरील नाणे उचलावयास सांगावे. हनुवटी छातीस टेकवावयास सांगावी. दोन्ही हात डोक्यामागे नेऊन बोटे गुंफावयास सांगावीत. यांपैकी काही जमत नसेल तर दात पाहावेत. दात केवळ बालपणी ते पाणी प्यालेल्याचे डागाळतात, म्हणून लग्न होऊन या भागात आलेल्या स्त्रीचे दात स्वच्छ असूनही कणा ताठ असू शकतो. शंका आल्यास कटी व अग्रबाहूचे क्ष-किरण चित्र काढावे आणि गावातील हातपंपाच्या पाण्याची तपासणी करून घ्यावी.

दुसरे, सिकलसेल. विदर्भातील गोंड, कोलाम, परधान व अन्य समाजांत हा आनुवंशिक व्याधी आढळतो. तरुण मुलगा 'कंबरेत चमक, मांडीत कळ' सांगत आला, तर त्यामागे खुब्याच्या अस्थिशीर्षाचा रक्तपुरवठा बंद पडलेला असू शकतो, अथवा हाडातच सिकलची कळ उठलेली असू शकते. तेथे झटक्याचे काय काम? मांडी आतल्या बाजूस वळविताना जांघेत दुखले की खुब्याचा विचार करावा. विद्राव्यता चाचणी शासकीय आरोग्य केंद्रांत होते. ती सकारात्मक आल्यास इलेक्ट्रोफोरेसिसने निश्चिती करावी. ओघाने आलेच आहे म्हणून लिहितो: सिकलच्या रुग्णास तीव्र स्वेदन वा विरेचनाने शरीरातील द्रव घटल्यास कळ उठू शकते. पंचकर्म करणाऱ्यांनी हा प्रश्न पूर्वकर्माआधी विचारलाच पाहिजे.

तिसरे, मणक्याचा क्षय. सायंकाळचा बारीक ज्वर, वजन घटणे, रात्री झोपमोड करणारी वेदना आणि एकाच मणक्यावर बोटाने ठोकताच होणारे दुखणे, एवढ्यावर संशय घ्यावा. येथे रक्ताचा ईएसआर, चित्रण आणि शासकीय क्षयरोग केंद्र हाच मार्ग आहे.

मानेविषयी स्वतंत्रपणे लिहावे लागते. मानेच्या झटक्यानंतर मेंदूस रक्त नेणाऱ्या धमनीचा आतील पापुद्रा फाटून पक्षाघात झाल्याच्या घटना नोंदल्या गेल्या आहेत. त्या विरळ आहेत. अनेकदा धमनी आधीच फाटू लागल्यामुळे मान दुखत असते आणि त्या दुखण्यासाठीच रुग्ण गेलेला असतो. म्हणून कारण कोणते व परिणाम कोणता हे ठरविणे कठीण जाते. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१४ मध्ये, कार्यकारणसंबंध सिद्ध नसला तरी रुग्णास ही जोखीम आधी सांगावी, असे म्हटले आहे. अचानक उठलेली, एका बाजूची, पूर्वी कधी न अनुभवलेली मान-डोकेदुखी, सोबत चक्कर, दुहेरी दिसणे वा बोलण्यात जडत्व असल्यास मानेस कोणीही हात लावू नये. आपण अभ्यंगही करू नये. सुश्रुतांनी ग्रीवेतील आठ सिरामातृका सद्यःप्राणहर मर्मांत गणल्या आणि कृकाटिकेच्या आघाताने चलमूर्धता सांगितली. आजची धमनी आणि त्यांची सिरामातृका एकच, असा दावा आम्ही करीत नाही. या प्रदेशाविषयी त्यांना वाटलेले भय तेवढे घ्यावे.

कंबरदुखीसोबत मूत्र अडणे, मलाचा वेग न कळणे, बैठकीच्या भागाची बधिरता वा पायातील बल झपाट्याने जाणे ही लक्षणे असतील, तर गृध्रसी म्हणून कटिबस्ती लावत बसू नये. हे शस्त्रकर्माचे रुग्ण असतात आणि तासांचा हिशेब असतो.

औषधी दुकानदार मित्रांचे स्थान येथे वैद्यापेक्षाही पुढचे आहे, कारण रुग्ण प्रथम त्यांच्याकडे उभा राहतो. वॉरफरीनसारखे रक्त पातळ ठेवणारे औषध नियमित नेणारा, संधिवातासाठी वा दम्यासाठी दीर्घकाळ प्रेडनिसोलोन घेणारा, पासष्टीची आणि उंची घटत चाललेली स्त्री, किंवा कर्करोगाचा उपचार झालेला माणूस 'नागपूरला जाऊन कंबर मोकळी करून येतो' असे म्हणाला, तर त्यास आधी वैद्याकडे वळवावे. डायक्लोफेनॅकच्या गोळ्या तिसऱ्यांदा मागणाऱ्यास रात्री दुखते का आणि ताप येतो का, एवढे दोन प्रश्न विचारण्यास वेळ लागत नाही.

हे सर्व वगळल्यावर जो रुग्ण उरतो, म्हणजे कापूस वेचून, फवारणीचा पंप वाहून वा ट्रॅक्टरवर बसून कंबर धरलेला, तरुण वा मध्यमवयीन, पायात बल शाबूत असलेला, त्यास आम्ही आधी आमवस्था पाहून रूक्ष वा स्निग्ध स्वेद, कटिबस्ती आणि हळूहळू वाढविलेला व्यायाम देतो. तीन-चार आठवड्यांत उतार न पडल्यास आणि त्याची इच्छा असल्यास प्रशिक्षित हस्तोपचारकाकडे जाण्यास हरकत घेत नाही. सोबत चिठ्ठी देतो. तीत तपासणीतील निष्कर्ष, चालू औषधे, सिकल चाचणीचा निकाल व गावाच्या पाण्याची माहिती असते, आणि शेवटी एक ओळ: कृपया मानेस झटका देऊ नये.