दुधानं भरलेलं पोट

परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठानं २०१८ साली ‘परभणी शक्ती’ हे ज्वारीचं वाण शेतकऱ्यांना दिलं. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या संशोधन संस्थेच्या साथीनं तयार झालेल्या या ज्वारीत लोह आणि जस्त नेहमीच्या ज्वारीपेक्षा जास्त आहे, आणि ते ठरवून वाढवलेलं आहे. त्याची गरज किती होती हे लवकरच दिसलं. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली सहा महिने ते पाच वर्षं वयाची जवळजवळ ६९ टक्के मुलं रक्तक्षयी निघाली. आधीच्या, २०१५-१६ च्या पाहणीत हेच प्रमाण ५४ टक्के होतं.

एवढी सगळी लेकरं काही उपाशी घरातली नाहीत. यातल्या अनेक घरांत दुधाचा रतीब असतो, डब्यात बिस्किटं असतात आणि लेकराच्या मागं वाटी घेऊन फिरणारं माणूसही असतं.

प्रस्तुत लेखिकेच्या भाचीचं परभणीतलं घर असंच. मुलगी पावणेदोन वर्षांची. गावाकडून म्हशीचं दूध यायचं, त्यात पाण्याचा थेंब नसायचा. ‘काही खाईना झालंय लेकरू, दुधावर तरी आहे म्हणून बरं,’ असं आजी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या. उठल्याबरोबर बाटली, जेवणाआधी बाटली, दुपारी झोपताना, रात्री झोपताना आणि मध्यरात्री कुरकुरली की आणखी एक. दिवसाचं लिटरभर दूध सहज व्हायचं. ताटलीसमोर बसवलं की ती तोंड फिरवायची. मग मोबाईल लावायचा आणि तिचे डोळे पडद्यावर असताना चार घास तोंडात सरकवायचे. चहात बुडवलेलं बिस्कीट मात्र केव्हाही चालायचं.

मुलगी दिसायला गुबगुबीत होती, म्हणून कुणाला शंका आली नाही. पण रंग उतरला होता आणि थोडं खेळली की ती मांडीवर येऊन पडायची. पलंगामागच्या भिंतीला ओल येऊन चुन्याचे पोपडे सुटले होते. ती तिथं बसून नखानं पोपडा खरवडायची आणि तोंडात घालायची. अंगणात सोडलं की माती. रागावून झालं, हातावर चापट बसली. ‘कॅल्शियम कमी असेल’ असं शेजारून कुणी सांगितलं, आणि त्यासाठी दूध आणखी वाढलं. लस द्यायला नेलं तेव्हा डॉक्टरांनी तिची खालची पापणी ओढून पाहिली. आतली कड गुलाबी असायला हवी, ती पांढुरकी होती. हिमोग्लोबिन निघालं ७.६. या वयाला ते अकराच्या वर असावं लागतं.

‘आजी, लेकरू उपाशी नाही, पण त्याचं पोट दुधानंच भरतंय,’ डॉक्टर म्हणाले. माती आणि पोपडे खाणं ही खोड नसून बऱ्याचदा अंगात लोह कमी पडल्याची खूण असते, हेही त्यांनी तिथंच सांगितलं.

यातला हिशोब प्रत्येक घरानं एकदा करून पाहावा. म्हशीच्या शंभर मिलिलिटर दुधात शंभराच्या आसपास कॅलरी असतात, म्हणजे लिटरभर दुधात हजार. या वयाच्या मुलाची दिवसभराची गरज साधारण तेवढीच असते. मग त्याला भूक कुठून लागणार? दुसरीकडे दुधात लोह जवळपास नसतंच, आणि दुधातलं कॅल्शियम व प्रथिनं दुसऱ्या अन्नातलं लोहही नीट अंगी लागू देत नाहीत. चहाचं तेच. लोहाची गरज आहे दिवसाला सुमारे ८ मिलिग्रॅम, आणि ती भागवायची वरण, पालेभाजी, अंडं, मांस, भाकरी यांनी. ते सगळं ताटलीत तसंच राहतं.

दूध अर्थातच शत्रू नाही. दोन वर्षांपर्यंत आईचं दूध चालू असेल तर ते चालूच ठेवावं. प्रश्न वरच्या दुधाच्या मापाचा आहे. एका वर्षानंतर ते दिवसाला चारशे, फार तर पाचशे मिलिलिटर, तेही जेवणानंतर आणि पेल्यानं द्यावं. भाचीच्या घरी बाटली बंद झाली तेव्हा पहिल्या काही रात्री रडारड झाली, आजींचे डोळेही भरून आले. आठवडा सरता सरता मुलगी स्वयंपाकघराच्या दारात येऊन ‘मम्’ म्हणायला लागली. भूक लागलेलं लेकरू घरानं बऱ्याच दिवसांनी पाहिलं होतं.

आणखी एक गोष्ट आयांना कुणी आधी सांगत नाही. पहिल्या वर्षात बाळाचं वजन जन्मवेळेच्या जवळपास तिप्पट होतं, दुसऱ्या वर्षात मात्र जेमतेम अडीच किलोची भर पडते. वाढीचा वेग कमी झाला की भूकही कमी होते. ते निसर्गाचंच आहे. पण घाबरलेलं घर नेमकं याच वेळी दूध, बिस्कीट आणि पाच रुपयांच्या पाकिटाकडे वळतं.

लेकराच्या भुकेवर भरवसा ठेवता येतो का, हे पाहणारा एक मोठा प्रयोग अमेरिकेत १९२६ पासून काही वर्षं डॉ. क्लारा डेव्हिस यांनी केला. नुकतंच अंगावरचं तुटलेल्या पंधरा मुलांसमोर त्या रोज साध्या, पदार्थ न मिसळलेल्या अन्नाच्या वाट्या मांडत: धान्य, भाज्या, फळं, अंडी, मांस, दूध. दाई शेजारी बसे, पण आपणहून घास भरवायची किंवा आग्रह करायची तिला मुभा नव्हती. मुलांनी कधी हे, कधी ते खाल्लं, एखाद्या दिवशी एकाच पदार्थावर ताव मारला, आणि तरीही ती सगळी धडधाकट वाढली. यावरून मुलांना हवं ते खाऊ द्या असा अर्थ काढणाऱ्यांना डेव्हिस यांनी १९३९ मध्ये स्पष्ट सांगितलं की खरी मेख समोर मांडलेल्या अन्नात होती. तिथं साखर नव्हती, मैदा नव्हता. म्हणजे काय वाढायचं, केव्हा आणि कुठं, हे मोठ्यांनी ठरवावं. किती खायचं ते लेकराच्या पोटानं. लेखिकेच्या मते घरातली निम्मी भांडणं एवढ्या वाटणीनंच मिटतात.

आपल्याकडे वाढायला काय कमी आहे? भाकरीचा वरचा पापुद्रा काढून आतला मऊ भाग घट्ट वरणात कुस्करायचा, वर चमचाभर तूप आणि चार थेंब लिंबू. लिंबातलं ‘क’ जीवनसत्त्व डाळीतलं, धान्यातलं लोह अंगी लागायला मदत करतं. ज्वारीच्या कण्या, मुगाचं धिरडं, चाकवताचं किंवा पालकाचं गरगटं, लाल भोपळा, शेवग्याचा पाला, शेंगदाण्याचा कूट, उकडलेलं अंडं, पपई, पेरूचा गर. शेतातून मूग-उडीद मागं सरले आणि सोयाबीन थेट मोंढ्यात जायला लागलं, तरी किलोभर मूग बिस्किटांच्या महिन्याच्या खर्चात सहज बसतो.

वरणाचं नुसतं पाणी मात्र नको. त्यात पाणीच असतं. घास चमच्यावर टिकेल इतका दाट हवा. एक ते दोन वर्षांच्या मुलाला पाव लिटरच्या वाटीनं पाऊण ते एक वाटी जेवण तीन-चार वेळा, मधे एक-दोनदा खाऊ, आणि या दोहोंच्या मधे पाण्याशिवाय काही नाही. नवी भाजी पहिल्यांदा थुंकली म्हणून ‘हिला आवडत नाही’ असा शिक्का मारू नये. चव ओळखीची व्हायला आठ-दहा वेळा, कधी पंधरा वेळाही ती समोर यावी लागते. सगळ्यांच्या पंगतीत लेकराचीही ताटली मांडा, मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवा, अर्ध्या तासात ताटली उचला. सांडलं तर सांडू द्या. अख्खे शेंगदाणे, फुटाणे आणि ओले हरभरे चार-पाच वर्षांपर्यंत हाती देऊ नका, ते श्वासनलिकेत अडकतात.

लोहाचं औषध डॉक्टर वजनावर ठरवतात. ते दुधाबरोबर देऊ नये, शी काळी झाली तर घाबरू नये, आणि हिमोग्लोबिन वर आलं म्हणून लगेच थांबवू नये, कारण अंगातला साठा भरायला पुढं दोन-तीन महिने लागतात. भाचीच्या मुलीचं औषधही तसंच पुढं चालू ठेवलं. पोपडे खाणं तर रक्त पुरतं वाढायच्या आधीच सुटलं. एरवी प्रत्येक लेकरासाठी सहा महिने ते पाच वर्षं आठवड्यातून दोनदा एक मिलिलिटर लोहाचं पातळ औषध सरकारी कार्यक्रमातून मिळतं. आशाताईंकडे ते मागून घ्यावं.

अंगणवाडीत दर महिन्याला वजन करून घ्यायला संकोच कशाला? मराठवाड्यानं या कामात वाट दाखवली आहे. २००५ मध्ये औरंगाबादला सुरू झालेल्या राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशननं गर्भारपणापासूनच्या पहिल्या हजार दिवसांवर लक्ष धरलं, आणि २०१२ च्या पाहणीत राज्यातल्या दोन वर्षांखालच्या खुज्या मुलांचं प्रमाण सात वर्षांपूर्वीच्या सुमारे ३९ टक्क्यांवरून २४ टक्क्यांच्या आसपास उतरलेलं दिसलं. अंगणवाडीताईंच्या पट्टीनं दंडाचा घेर साडेबारा सेंटिमीटरच्या खाली आला तर लक्ष घालायची वेळ झाली. साडेअकराच्या खाली किंवा पायांवर सूज असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

ताप किंवा जुलाबात लेकरू खात नाही, तेव्हा थोडं थोडं, पुन्हा पुन्हा द्यावं. बरं वाटल्यावर त्याची भूक उसळते. पुढचे दोन आठवडे रोजच्यापेक्षा एक जेवण जास्त द्यायचं असतं, म्हणजे उतरलेलं वजन भरून निघतं.